नोबिता नेरिमाचा, टिंग्या जुन्नरचा

मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावं, यावर आपल्याकडे बोलणाऱ्यांची वाण नाही. बालरोगतज्ज्ञ बोलतात, पालकसभेत मुख्याध्यापक बोलतात, कीर्तनकार तर हमखास बोलतात आणि हशा-टाळ्या घेऊन जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आकडाच देऊन टाकला: एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी फार तर एक तास. आकडा हातात आला की रागवणं सोपं होतं. पण त्या एका तासात मुलाने पाहायचं काय, आणि ते त्याच्यासाठी बनवायचं कुणी, हा प्रश्न कीर्तनात येत नाही आणि अर्थसंकल्पातही येत नाही.

मला तो डिंगोऱ्यात उभं राहून विचारायचा आहे. पुण्यात तो नीट दिसत नाही. तिथे मुलांना शिबिरं आहेत, बालनाट्य आहे, वाचनालयं आहेत, आणि यातलं काहीच नसलं तरी सोसायटीचं आवार आहे. ओतूर सोडून माळशेजच्या दिशेने निघालं की कल्याण-नगर रस्त्यावर डिंगोरे लागतं. कांदा, टोमॅटो, ऊस, दारात दोन-चार गाई, जवळच पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी. बरीच घरं मळ्यात, वस्तीवर. नात्यातलं कुणी ना कुणी वाशीच्या मार्केटात नाहीतर कल्याण-ठाण्याला. आणि गेल्या दोन-अडीच दशकांत या सगळ्या तालुक्याच्या दिनक्रमात एक प्राणी येऊन बसला आहे.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा तो आता राहिलेला नाही; उसातच जन्मलेल्या बिबट्यांच्या पिढ्या झाल्या. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र काढावं लागलं. मुलांवर हल्ले झाले, मुलं गेली. त्यामुळे दिवस मावळला की वस्तीवरचं पोर घरात. शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचा तो वेळ कधीकाळी लपाछपीचा आणि विटीदांडूचा होता. नेमक्या त्याच वेळी आई धारा काढत असते आणि बाप बाजारातून यायचा असतो किंवा मोटर चालू करायला विहिरीवर गेलेला असतो. या घरात मुलाच्या हातात मोबाइल देणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने रागवायचं?

एका वस्तीवर पाहिलेलं सांगतो. पडवीत टोमॅटोचं रिकामं कॅरेट पालथं घातलेलं, त्यावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. काचेला कोपऱ्यात तडा. समोर पाचेक वर्षांचं पोर, पुढ्यात ताटली, ताटलीत दूध-भाकरीचा काला. पडद्यावर शिनचॅन. आजी घास पुढे करते, पोर तिच्याकडे न बघता तोंड उघडतं. मध्येच शेळीचं करडू आत शिरलं, तर पोराने त्याला हिंदीत दम भरला, अगदी शिनचॅनच्या त्या लाडीक, नाकातल्या आवाजात. आजी म्हणाली, “काय बोलतंय त्याचं त्यालाच ठावं. पण जेवतंय तरी.”

मोबाइल हा त्या घरातला राबता माणूस आहे. पोर सांभाळणं हे त्याचं काम, आणि ते तो बिनपगारी करतो. त्याला कामावरून काढा म्हणणाऱ्याने बदली माणूस द्यावा. तो देता येत नसेल, तर निदान तो पोराशी काय बोलतो, इकडे लक्ष द्यावं.

शिनचॅन जपानमधल्या कासुकाबे नावाच्या गावचा. डोरेमॉनमधला नोबिता तोक्योच्या नेरिमा भागातला. डिंगोऱ्याच्या पोराला ही नावं ठाऊक नसतील, पण नोबिताच्या घराचा जिना, सरकती दारं, शाळेतून येतानाची गल्ली आणि त्या गल्लीतलं मोकळं मैदान त्याला डोळे मिटून सांगता येतं. या परिचयाबद्दल मला तक्रार नाही. परक्या मुलाचं घर असं आतून माहीत होणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे शक्य कशामुळे झालं, ते पाहण्यासारखं आहे. डोरेमॉन 1969 च्या शेवटी जपानमध्ये सुरू झाला तो मुलांच्या मासिकांतून, आणि ही मासिकं इयत्तावार होती. बालवाडीचं वेगळं, पहिलीचं वेगळं, चौथीचं वेगळं. फुजिको एफ. फुजिओ या चित्रकाराने प्रत्येक वयाच्या वाचकासाठी वेगवेगळ्या गोष्टी रचल्या. पहिलीतल्या मुलाला कशाचं हसू येतं आणि चौथीतल्याला कशाची लाज वाटते, याचा इतका बारकाईने विचार करणारा माणूस तिथे होता, आणि त्याला पैसे देणारा प्रकाशकही होता. परीक्षेत भोपळा मिळालेला पेपर आईपासून लपवणारं पोर त्याने जपानी मुलांसाठी काढलं. जगभर ते चाललं, कारण आधी ते एका गल्लीतल्या मुलांसाठी खरं होतं.

याच्या उलट आपल्याकडचा माल बघा. छोटा भीम 2008 पासून चालू आहे, हैदराबादेत बनतो, आणि त्याचं ढोलकपूर कुठल्याही नकाशावर नाही. मोटू-पतलूचं फुरफुरी नगरही तसंच. तिथे पीक कोणतं येतं, पाऊस कधी पडतो, बायका पाणी कुठून आणतात, काही कळत नाही. सगळ्या भारताला चालावं म्हणून त्या गावांना गावपणच ठेवलेलं नाही. लाडू आणि समोसे तेवढे आहेत. मुलांना ही पात्रं आवडतात आणि त्यांच्या आवडीवर नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. मात्र सगळ्यांसाठी म्हणून बनवलेल्या या गोष्टींपेक्षा जपानी मुलांसाठी बनवलेली गोष्ट आमच्या मुलांना जवळची वाटते, हे कार्टूनवाल्यांनी तरी ध्यानात घ्यायला हवं.

मग मराठी मुलासाठी असं का झालं नाही? लोक पटकन म्हणतात, मराठी माणसाला आपल्या भाषेची चाड नाही. मला हे उत्तर आळशी वाटतं. खरं कारण व्यापाराचं आहे. सन समूहाने 2007 मध्ये तमिळ मुलांसाठी ‘चुट्टी टीव्ही’ काढला, मग तेलुगूत ‘खुशी’, कन्नडमध्ये ‘चिंटू’, 2011 मध्ये मल्याळममध्ये ‘कोचू’. दक्षिणेतल्या मुलाला हिंदी कळत नाही. त्याला बिस्किट विकायचं तर त्याच्या भाषेत जावंच लागतं. मराठी मुलाला हिंदी कळतं. निदान, कळतं असं मानलं जातं. मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कोण करील? मुंबईसारखं शहर उशाशी, निम्मा चित्रपट-व्यवसाय मराठी तंत्रज्ञांच्या जोरावर चाललेला, आणि मुलांच्या वाहिनीच्या बाबतीत मराठी मूल हे हिंदी गिऱ्हाइकांच्या खात्यात आपोआप जमा झालेलं. आमच्या पोरांना हिंदी समजण्याची ही शिक्षा आहे.

अलीकडे चित्र थोडं हललं. मुलांच्या काही मोठ्या वाहिन्यांवर मराठी आवाज निवडायची सोय आली. 2021 मध्ये रामोजी समूहाने ‘ईटीव्ही बालभारत’ एकदम बारा भाषांत सुरू केलं, त्यात मराठीही आहे. यूट्यूबवर मराठी बालगीतांचा महापूर आहे आणि त्यातला बराचसा चेन्नई-बंगळूरच्या कंपन्यांच्या कारखान्यातून येतो: तेच चित्र, तीच गाय, तेच गोबरे गाल, फक्त आवाज बदलून सहा-सात भाषांत. नुसत्या डबिंगला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. 1993 मध्ये दूरदर्शनवर आलेलं ‘जंगल बुक’ही जपानी कार्टूनचं हिंदी रूप होतं, आणि त्यातल्या शेरखानला नाना पाटेकरांनी दिलेला आवाज आज चाळिशीत असलेल्यांच्या कानात अजून आहे. उत्तम डबिंग ही कलाच आहे. पण जेव्हा एका भाषेतल्या मुलाच्या वाट्याला फक्त डबिंगच येतं, तेव्हा त्याच्या मनात एक समजूत न सांगता घट्ट होते: गोष्टी घडतात त्या दुसरीकडे, आमच्या भाषेत त्या नुसत्या सांगितल्या जातात.

आणि बिस्किटाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. वाहिनीचं उत्पन्न जाहिरातीचं, आणि जाहिरात कोणाला गाठते ते पाहायचं तर डिंगोऱ्यासारख्या कुठल्याही गावातल्या किराणा दुकानापुढे उभं राहावं. पाच-दहा रुपयांच्या चिप्सच्या पुड्यांच्या माळा दारातच लोंबतात, बरोबर आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला येतील अशा. स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायलाच बंदी आहे, 1991 पासून. अमेरिकेत 2019 मध्ये यूट्यूबला मुलांची माहिती गोळा करून जाहिराती दाखवल्याबद्दल 17 कोटी डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे या विषयावर कधी मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही, आणि मोर्चे तर आपण कशाकशावर काढतो!

पूर्वी सगळं छान होतं असं म्हणायचा मोह इथे होतो. तो आवरला पाहिजे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. ‘किलबिल’सारखे मुलांचे मराठी कार्यक्रम त्यावर होत, चांगले होत, आणि आठवड्यातून थोडा वेळ होत. ऐंशीच्या दशकात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर दूरदर्शन मालिका झाली, सुमीत राघवन त्यात बन्या फेणे झाला. फुरसुंगीचं, पुणे जिल्ह्याच्या मातीतलं, तोंडाने ‘टॉक’ करणारं पोर पडद्यावर आलं आणि हिंदी बोलू लागलं. 2017 मध्ये तोच फास्टर फेणे मराठी चित्रपटात आला तेव्हा तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्याएवढा मोठा झाला होता. चित्रपट चालला, ठीक आहे. पण मधल्या तीस वर्षांत शाळकरी बन्याला मराठी बोलायची संधी मिळाली नाही ती नाहीच. दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’वर 2009 मध्ये एक चित्रपट, ‘चिंटू’वर 2012 आणि 2013 मध्ये दोन. मराठी बालसाहित्याच्या शंभर वर्षांच्या खाणीतून पडद्यावर आलेला माल हा असा ओंजळीत मावेल एवढा.

गावाकडे तर यातलं बरंचसं पोचलंच नाही. तिकडे व्हिडिओ आला तो गणपतीत, भाड्याचा. वर्गणी काढायची, ओतूर-नारायणगावहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही जीपमध्ये घालून आणायचा, देवळापुढे मांडायचा आणि रात्रभर तीन पिक्चर. पहिला देवाचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मराठी, बायकांसाठी. तिसरा मारामारीचा, तरुणांसाठी. पोरांचा असा वेगळा कुठलाच नाही. ती पहिल्या पिक्चरला पुढे बसत आणि तिसऱ्याला तिथेच झोपलेली सापडत. त्यांनी आपला पिक्चर स्वतः निवडला: महेश कोठारेंचा ‘धडाकेबाज’, नंतर ‘झपाटलेला’. रामदास पाध्यांचा तात्या विंचू हा बाहुला मुलांसाठी म्हणून कुणी बनवला नव्हता, पण आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीची झोप त्याने उडवली आणि तिला तो अजून आवडतो. पुढे व्हीसीडी आल्या. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने भाव 28 रुपयांवर आणला आणि आठवडे बाजारात ताडपत्रीवर सीड्यांचे ढीग लागले. लोकगीतं, वगनाट्यं, कीर्तनं, आणि कोपऱ्यात बालगीतांची एखादी सीडी, जिच्यावर हमखास ससा असे. मुंबईचा काका दिवाळीला येताना ती घेऊन येई. वर्षभर तीच एक सीडी. ती ओरखड्यांनी अडकू लागली की अडकण्यासकट गाणं पाठ होई.

सरकारने एकदा मनापासून प्रयत्न केला होता. त्याचं नाव बालचित्रवाणी. 1983 मध्ये इन्सॅट-1बी अवकाशात गेला. उपग्रहावरून खेड्यातल्या मुलांपर्यंत शिक्षण पोचवायचं, म्हणून सहा राज्यांत संस्था काढल्या गेल्या. महाराष्ट्राची 1984 मध्ये पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर. मुलांसाठी मराठीत चित्रफिती बनवणं एवढंच तिचं काम. स्वतःचा स्टुडिओ, लेखक, निर्माते, कॅमेरामन, बाहुल्या बनवणारे. जिल्हा परिषदेच्या शाळांना टीव्ही संच दिले गेले. त्या वयाच्या कुणालाही आज बालचित्रवाणीची शीर्षकधून म्हणून दाखवा, तो पुढची ओळ पुरी करतो.

आता खरं बोलायचं तर त्यातले बरेच कार्यक्रम कंटाळवाणे होते. एक ताई असायची, ती मुलांना प्रश्न विचारायची, आणि मुलं ज्या तत्परतेने बरोबर उत्तर द्यायची तशी तत्परता मी कुठल्याही खऱ्या वर्गात पाहिलेली नाही. सगळी मुलं प्रमाण भाषा बोलायची. खेडं दाखवायचं तर सदऱ्याला ठिगळ लावायचं. शिवाय शाळेतला टीव्ही बऱ्याचदा वीज नाही म्हणून, नाहीतर अँटेना फिरली म्हणून मुका असे. पण कंटाळवाणं असणं हा संस्था मोडण्याचा मुद्दा होत नाही, सुधारण्याचा होतो. तिथली माणसं मुलांसाठी काम करून करून तयार झालेली होती, आणि अशी माणसं तयार व्हायला वीस वर्षं लागतात. केंद्राचं अनुदान थांबलं, राज्याने काही वर्षं ओढत नेलं, मग पगार रखडले, आणि 2017 मध्ये बालचित्रवाणी बंद करण्याचा निर्णय झाला. तिच्या जागी ‘ई-बालभारती’ आली. पाठ्यपुस्तक पडद्यावर आणणं हे चांगलं काम आहे, पण पाठ्यपुस्तकाबाहेरच्या मुलाची त्यात सोय नाही.

आणि नियतीचा विनोद असा की तीनच वर्षांनी कोरोनामुळे शाळांना कुलूप लागलं. 2020 च्या जुलैत, ऑनलाइन वर्गाच्या नावाने सगळीकडे बोंब असताना, एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आणली. पहिली ते आठवीची मालिका, आणि तिच्यात फळा नव्हता, गुरुजी नव्हते. मूल, त्याचे आईबाप, आजी, घर, अंगण. घरातल्या वस्तू घेऊन करायच्या गोष्टी, त्यातून गणित, त्यातून विज्ञान. माळशेजकडच्या ज्या वाड्या-पाड्यांत मोबाइलची रेंज येत नव्हती तिथेही छपरावरच्या तबकडीतून सह्याद्री दिसत होती. मराठीत, मराठी घरात, मुलाला शहाणं समजून कार्यक्रम करता येतो, तोही घाईगर्दीच्या काळात, हे या मालिकेने दाखवलं. मग शाळा उघडल्या आणि आपण सगळे पुन्हा स्क्रीनटाइमवर बोलू लागलो.

या तालुक्याच्या बाबतीत मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. 1971 मध्ये देशाचा परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क सुरू झाला तो नारायणगावाजवळच्या आर्वीतून. विक्रम भूकेंद्राची ती अजस्र तबकडी जुन्नर तालुक्यात उभी राहिली. पुढे खोडदला जीएमआरटी आली. तीस दुर्बिणी, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या. विज्ञान दिनाला शाळांच्या सहली तिथे लोटतात. जुन्नरचं आकाश इतकं कान टवकारून बसलेलं असताना याच तालुक्यातल्या मुलाला त्या तबकड्यांची गोष्ट त्याच्या भाषेत सांगणारी एखादी चांगली मालिका माझ्या पाहण्यात नाही. शिवनेरी आहे, नाणेघाटातला दगडी रांजण आहे, उसातला बिबट्या आहे, तमाशाच्या राहुट्या आहेत. कुठल्याही देशातल्या कार्टूनवाल्याने यातल्या एकेका गोष्टीवर दहा वर्षं काढली असती.

“पण एवढ्याशा भाषेत असं काही परवडत नाही,” असं कुणी म्हणालं की मी वेल्सचं उदाहरण देतो. ब्रिटनच्या पश्चिमेचा तो डोंगराळ तुकडा. वेल्श बोलणारी माणसं पाच-साडेपाच लाख. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. वेल्श लोकांना स्वतःची वाहिनी हवी होती, सरकारने शब्द फिरवला, तेव्हा ग्विनफॉर इव्हान्स या सत्तरीकडे झुकलेल्या नेत्याने 1980 मध्ये आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमलं आणि 1982 मध्ये एस4सी ही वाहिनी सुरू झाली, सार्वजनिक पैशांवर. सुरुवातीलाच तिने मुलांच्या कार्टूनवर पैसे टाकले. ‘सुपरटेड’ नावाचं अस्वल तिथलं. ते पुढे डिस्नेने अमेरिकेत नेलं. ‘फायरमन सॅम’ही तिथलाच. एका काल्पनिक वेल्श गावचा अग्निशमन जवान, आज तो जगभर डब होतो आणि आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतही त्याचं दप्तर दिसतं. पाच लाखांच्या भाषेने आपल्या मुलांसाठी बनवलं आणि जगाने ते मागून नेलं. आठ कोटींची भाषा जगाकडून उरलंसुरलं मागून घेते आणि वर पोरांनाच बोल लावते.

म्हणून मला वाटतं, मुलांचे मराठी कार्यक्रम ही बाजाराची जबाबदारी नाहीच. बाजाराने आपलं गणित मांडून झालं आहे आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबर आहे. हे काम रस्ता, शाळा, एसटी यांच्या रांगेतलं आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं. मुलांच्या मराठी मालिकांसाठी त्याच धर्तीवर दरवर्षी वेगळी तरतूद करावी, आणि अट एकच घालावी: गोष्ट खऱ्या गावात घडली पाहिजे आणि मुलांनी आपल्या बोलीत बोललं पाहिजे. बालचित्रवाणीच्या निवडक फिती साफ करून मोकळ्या कराव्यात. कंटाळवाण्यांत काही सोन्यासारख्या आहेत. सरकारी पैशाने सरकारी माल बनतो, ही भीती रास्त आहे, पण वेल्सने पैसा सरकारी ठेवला आणि गोष्ट कलाकाराच्या हाती सोपवली. आपल्याकडे उलट होतं: पैसा वेळेवर येत नाही आणि गोष्ट मात्र समिती लिहिते.

मुलांना आपल्या भागातलं काही बघायचंच नसतं, त्यांना ते मागास वाटतं, असं मला एका शिक्षकाने सांगितलं. मला पटलं नाही. याच वस्त्यांवरची पोरं मोबाइलवर शिनचॅनच्या बरोबरीने काय बघतात? बैलगाडा शर्यती. बंदी उठून 2021 च्या शेवटी शर्यतींचे घाट पुन्हा सुरू झाले आणि जुन्नर-आंबेगाव-खेडच्या प्रत्येक घाटाचं चित्रण यूट्यूबवर यायला लागलं. पोरांना बैलांची नावं, मालकांची गावं, बारी किती सेकंदांची झाली हे पाठ असतं. घाटात माइकवर बोलणाऱ्या निवेदकाची नक्कल ती शिनचॅनपेक्षा बेमालूम करतात. तिथे त्यांना ना भाषा मागास वाटते, ना गाव. कुणीही मुलांचा विचार करून हे चित्रण केलेलं नाही. निव्वळ आपलं आहे म्हणून ती त्याला चिकटून आहेत.

आणि बनवणारा भेटला तर काय होतं तेही या तालुक्याने पाहिलेलं आहे. 2008 मध्ये आलेला मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात चितंग्या नावाचा बैल पडतो, जायबंदी होतो. कर्जात बुडालेला बाप त्याला विकायला निघतो आणि सात वर्षांचं पोर अडून बसतं. शेजारची म्हातारी आजारी पडली तर तिच्यावर उपचार करता, मग चितंग्याला कसायाला का देता, असा त्याचा सवाल आहे आणि मोठ्यांना त्याचं उत्तर सुचत नाही. शरद गोयेकर या मुलाला त्यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो जे बोलतो ते या भागातलं पोर जसं बोलतं तसंच आहे. नंतर ‘एलिझाबेथ एकादशी’ आला, ‘किल्ला’ आला, ‘नाळ’ आला. ‘नाळ भाग 2’ला 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. म्हणजे हुन्नर आहे, पुरस्कारही आहेत. पण हे चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये चार आठवडे राहतात, पुढे पैसे भरून पाहायच्या ॲपवर जातात, आणि ज्या मुलांबद्दल ते आहेत त्यांच्या मोबाइलवर फुकटचा शिनचॅन चालू राहतो.

कोल्हापुरात ‘चिल्लर पार्टी’ नावाची चळवळ महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना जगभरातले बालचित्रपट मोफत दाखवते. कुणीतरी आधी दोन शब्द सांगतो, मग सगळी मुलं एकत्र बघतात. डिंगोऱ्यासारख्या गावात हे करायला थिएटर लागत नाही. लोकवर्गणीतून डिजिटल झालेल्या जिल्हा परिषद शाळा महाराष्ट्रभर आहेत. भिंतीवर मोठा टीव्ही आहे, नाहीतर प्रोजेक्टर आहे. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात एक चित्रपट, पोरांबरोबर आया-आज्या, आणि परतताना बॅटऱ्या घेऊन वस्तीवार घोळका, म्हणजे बिबट्याचीही धास्ती नाही. चित्रपट कोणते दाखवायचे याची यादी मी आत्ता पाच मिनिटांत करून देतो. दाखवण्याचे हक्क घेण्याचा खर्च ग्रामपंचायतीला जड नाही. यात्रेच्या ऑर्केस्ट्र्याला त्याहून जास्त जातो. हे सगळं मी एका गावच्या कारभाऱ्यांपुढे मांडलं. त्यांना पसंत पडलं. अडचण एवढीच निघाली की टीव्हीच्या खोलीची किल्ली गुरुजींकडे असते, आणि गुरुजी शनिवारी दुपारी शाळा सुटली की पुण्याला जातात.